पाचवा भाग नापास

आबा कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिच्यावर नखानं दोनदा टकटक करायचे, कान जवळ न्यायचे आणि मग निकाल सांगायचे. ‘पास.’ किंवा ‘पास न्हाई.’ अधलंमधलं काही नाही. ‘चालतंय’, ‘बरं आहे’, ‘भागवून घेऊ’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नाहीत.

कामशेतला स्टेशनबाहेर माझं मोबाईल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. आबा पहिल्यांदा आले त्या दिवशी मी गिऱ्हाइकांसाठी नवं कोरं स्टूल आणलं होतं. त्यांनी ते उलटं केलं, टकटक केलं, खिशातून लाल खडू काढला आणि एका पायावर फुली मारली. ‘पोरी, ह्यो पाय पास न्हाई. कुनीतरी पडंल.’ मी मनात म्हटलं, आले मोठे इंजिनिअर! आल्या आल्या माझ्या नव्या वस्तूला नाट लावली. तिसऱ्या दिवशी कुरिअरवाला त्याच स्टुलावरून धाडकन खाली बसला. बिचारा उठून मलाच सॉरी म्हणाला. त्यानंतर आबांनी काही नापास केलं की मी मुकाट्यानं बाजूला ठेवायला लागले.

देहूरोडच्या लष्करी डेपोत त्यांनी सगळी नोकरी तपासनीस म्हणून काढली होती. ताडपत्र्या, दोरखंड, लाकडी पेट्या. त्यांनी शिक्का मारल्याशिवाय माल पुढे जायचा नाही. ‘दोर तुटला तर माणूस खाली जातो, आन् कागदावर सही माजी असती,’ असं ते म्हणायचे. रिटायर झाले, पण ती सही काही त्यांच्या हातातून सुटली नाही. लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात शिरून त्यांनी चिक्कीवर टकटक केली आणि भर गर्दीत जाहीर केलं, ‘ओल धरलीय, पास न्हाई.’ दुकानदारानं हात जोडून त्यांना बाहेर काढलं. पुतणीला बघायला मुलगा आला तेव्हा त्यांनी आधी त्याच्या मोटारसायकलची टाकी वाजवली, मग त्याच्या पाठीवर थाप मारली. ‘गाडी पास न्हाई. पोरगा पास.’ लग्न तिथंच ठरलं. गाडी पुढं महिनाभरात बंद पडली म्हणतात.

असं माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिलं असेल. आपण त्यांना हसतो, आणि घरात काही नवीन आणलं की हळूच त्यांनाच बोलावतो.

आता तुम्ही म्हणाल, अशा माणसाचा आणि व्हिडिओ गेमचा काय संबंध? मीही तेच म्हटलं. कारण त्या पहिल्या दिवशी स्टुलाचा निकाल लावून झाल्यावर आबांनी पिशवीतून टॉवेलात गुंडाळलेलं एक काळं मशीन काढलं आणि काचेच्या काउंटरवर ठेवलं. टीव्हीला जोडून खेळ खेळायचं मशीन. जुनं होतं, पण पुसून लख्ख केलेलं. ‘हे चालू करून दे. ह्याच्यात आमचं जहाज हाय,’ म्हणाले.

मशीन त्यांच्या मुलाचं होतं. मुलगा मळवलीला एका बंगल्यावर देखभालीला होता. मालकाच्या मुलांनी नवं मशीन घेतलं आणि जुनं याला दिलं, सोबत एका खेळाचे चार भागही. पुढं वर्षभरात त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. नोकरी सुटली. आठवड्यातून दोनदा तळेगावला डायलिसिस आणि उरलेले दिवस वडिवळ्याच्या घरात, खाटेवर. नेमके त्याच वेळी आबा रिटायर झाले. पोरगा खेळायचा आणि बाप शेजारी खुर्ची टाकून बघायचा. दोन वर्षं हेच चाललं. मग तो गेला. सव्वीस वर्षांचा होता.

आबांनी हे सगळं मला चार वाक्यांत सांगितलं आणि विचारलं, ‘किती वाजता येऊ न्यायला?’

त्या खेळाचं नाव मी सांगत नाही. गोष्ट तेवढी सांगते, कारण तिच्याशिवाय आबा कळायचे नाहीत. पृथ्वी राहण्याजोगी उरलेली नाही. एक कॅप्टन, एक जहाज, जहाजावर दहा-बारा माणसं. ताऱ्याताऱ्यांमधून हिंडत माणसांना राहायला जागा शोधायची. पण खरी मेख अशी, की पावलोपावली काहीतरी ठरवावं लागतं. ह्याला वाचवायचं की त्याला, खरं सांगायचं की लपवायचं. आणि एकदा ठरवलं की ते पुढच्या भागात तसंच राहतं. पहिल्या भागात ज्याला दुखवलं तो तिसऱ्या भागात तोंड फिरवून जातो. आबांना हे फार पटलं होतं. ‘ह्यात खाडाखोड न्हाई,’ म्हणायचे.

पोरगा प्रत्येक वेळी बापाला विचारून ठरवायचा. इंग्रजी वाचून मराठीत सांगायचा, ‘आबा, असं असं हाय. काय करू?’ दुसऱ्या भागात एका ग्रहावर धरण बांधायची वेळ येते. बांधलं तर जहाजाला हवी तेवढी वीज मिळते, पण खालची वस्ती बुडते. आबांच्या वडिलांची भाताची खाचरं धरणात गेली होती. ‘म्या म्हनलं, वस्ती ऱ्हाऊ दे. विजंचं बगू मागनं.’ एवढं सांगून आबा हसले होते. ‘मंग काय! पुढचे दोन भाग समदं जहाज अंधारात. पोरगं मला म्हनायचं, आबा, तुमच्यापायी काय दिसंना!’

जहाजाला नाव देता यायचं. पोरानं इंग्रजी अक्षरांत ‘वडिवळे’ ठेवलं होतं. म्हणजे ताऱ्यांच्या गर्दीतून एक भलं मोठं जहाज जातंय आणि त्याच्या कुशीवर आपल्या कामशेतजवळच्या गावाचं नाव. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू फुटलं. आबा हसले नाहीत. बोटानं पडद्याला स्पर्श न करता त्या अक्षरांवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘पास.’

पाचवा भाग शेवटचा होता आणि तो मुलगा गेल्यानंतर आला. मुलगा वाट बघत होता त्याची. त्यानं आबांना सांगून ठेवलं होतं, ‘पाचव्या भागात समद्यांचं पुढं काय झालं ते कळतं. आपल्या वस्तीचं बी कळंल.’ कंपनीनंच तशी जाहिरात केली होती. आबांनी तो भाग कुणाकडून तरी पुण्याहून मागवून घेतला आणि मशीनसोबत माझ्याकडे आणला. ‘मला खेळ नगं,’ म्हणाले. ‘त्यानं जे केलं त्याचं पुढं काय झालं, येवढंच बगायचंय.’

एवढीच त्यांची मागणी होती. मी तेव्हा म्हटलं, ह्यात काय अवघड आहे!

घरी लावता येत नव्हता. खेळ सुरू होताना एक संगीत वाजतं, ते लागलं की मावशी, म्हणजे आबांची बायको, हातातलं काम टाकून परसात निघून जायच्या. दिवेलागणीपर्यंत परत यायच्या नाहीत. म्हणून आबा दुपारी जीपनं कामशेतला यायचे. दोन ते चार माझ्याकडे चिटपाखरू नसतं. दुकानाच्या मागच्या भागात टीव्ही लावला, दोन खुर्च्या टाकल्या. खेळायची मी, बघायचे ते. मला या खेळांचं कधी वेड नव्हतं, मी आपली सोल्डरिंगची बाई. पण आबा शेजारी बसून ‘डावीकडं चल, तितं शिडी हाय’ असं सांगायचे आणि मी शिकत गेले.

खेळायला बसलो त्या पहिल्याच दुपारी घोळ झाला. त्याची गोष्ट सांगताना आजही माझी जीभ अडखळते.

पाचवा भाग प्रचंड मोठा. मशीनमध्ये जागा पुरेना. आधी मी मुलाच्या जुन्या नोंदी, म्हणजे त्यानं दोन वर्षांत जे जे केलं त्याचं सगळं टिपण, नव्या भागात घ्यायला सांगितल्या. पडद्यावर आलं की काम पूर्ण झालं, तुमचा इतिहास नव्या भागात आला. मी आबांना वाचून दाखवलं. मग म्हटलं, ‘जागा करायला जुन्या नोंदी काढाव्या लागतील. थांबा, मी पेनड्राइव्हवर एक प्रत ठेवते.’

‘नगं,’ आबा म्हणाले.

डेपोत रॅकला प्रत्येक मालाचं एक कार्ड टांगलेलं असतं. किती आला, किती गेला, सगळं त्यावर. कार्ड भरलं की शिल्लक नव्या कार्डावर चढवायची आणि जुनं तिथंच, त्याच मिनिटाला फाडायचं. ‘येका मालाची दोन कार्डं ठिवली की घोळ शिरतो, पोरी. लबाडीबी तितनंच शिरती. नव्यावर चढलं नव्हं? मंग जुनं फाड.’ सगळी नोकरी त्यांनी हा नियम पाळला होता आणि त्यांचं एकही कार्ड कधी चुकलं नव्हतं.

मी धंद्यातली बाई. प्रत ठेवल्याशिवाय काही पुसायचं नाही हे मला झोपेतही कळतं. गुपचूप ठेवली असती तर त्यांना पत्ताही लागला नसता. पण समोरचा माणूस इतक्या खात्रीनं बोलत होता, आणि त्याचं आजवर काही चुकलेलं मी पाहिलं नव्हतं. मला मेलीला तेव्हाच कुठून एवढा आज्ञाधारकपणा सुचला कोण जाणे. मी बटण दाबलं. आबांच्या घरी इंटरनेट नव्हतं, त्यामुळे दुसरीकडे कुठे प्रत असण्याचा प्रश्नच नव्हता.

दोन-तीन दुपारी बऱ्या गेल्या. आबा तपासनिसाच्या थाटात बसायचे. मांडीवर वही, कानावर पेन्सिल. ‘ह्याचं त्वांड आधी हालतंय, आवाज मागनं येतोय. लिव.’ ‘ही बाई भिंतीत शिरली बघ. लिव.’ मी म्हणायचे, वही तुमच्याकडे आहे, तुम्हीच लिहा की! एका बाजारात एक म्हातारा उभा होता, त्याच्याकडे बघून आबा ताडकन म्हणाले, ‘आरं, ह्याला तर चौथ्या भागात पुरलावता! मेलेलं माणूस भाजी घेतंय!’ मी एवढी हसले की डोळ्यांतून पाणी आलं. काहीतरी चुकल्याचं तेच मोठं लक्षण होतं, पण मला हसायला झालं.

चौथ्या दुपारी जहाज पहिल्यांदा बाहेरून दिसलं. मोठा देखावा होता तो, संगीत, तारे, सगळं. जहाज हळूहळू वळलं आणि कुशीवरची अक्षरं समोर आली. ‘पायोनियर.’ जहाजाला कुणी नाव दिलंच नाही तर कंपनी आपणहून देते ते नाव.

मी म्हटलं, काहीतरी गडबड आहे, पुढं होईल नीट. तासाभरानं त्या धरणाच्या ग्रहावर पोचलो. वस्ती जिथं असायला हवी तिथं पाणी होतं. चांगलं काठोकाठ भरलेलं, निळंशार, वर पक्षी उडत होते. खाली एक वाक्य आलं, ते मी मराठीत वाचून दाखवलं, की कॅप्टननं काळजावर दगड ठेवून हा निर्णय घेतला होता.

‘त्यानं न्हाई घेतला,’ आबा म्हणाले. पडद्याला म्हणाले. ‘आमी न्हाई घेतला.’

पाचव्या भागानं मुलाचं काहीच घेतलं नव्हतं. घेतलं असं खोटं सांगितलं आणि स्वतःच्या मनाचा एक इतिहास टाकून दिला. मी इंटरनेटवर शोधलं तर जगभर बोंबाबोंब चालू होती, अनेकांचं असंच झालं होतं. पण त्यांच्याकडे जुन्या नोंदी होत्या. आमच्याकडे नव्हत्या. मी मशीन उघडलं, पुसलेलं परत आणायचे माझ्याकडचे सगळे उपाय केले, पुण्याच्या एका ओळखीच्या माणसाला डिस्क पाठवली. त्या जागेवर पाचवा भाग ऐसपैस बसला होता. काही हाती लागलं नाही.

मला वाटलं आबा आता खेळ बंद करतील. पण दुसऱ्या दिवशी बरोबर दोनला हजर. ‘अर्धा लॉट तपासून शिक्का मारायचा नसतो,’ म्हणाले. मग आम्ही तो परका खेळ शेवटापर्यंत ओढत नेला. शेवटी तीन दारं येतात. कुठलंही निवडा, सगळ्यांचं भवितव्य तुमच्या हातात, असा मोठा आव आणलेला. आबांनी मला तिन्ही दारं उघडायला लावली. तिन्हींत तेच. तोच स्फोट, तेच भाषण, तीच पाटी. फक्त उजेड एकदा लाल, एकदा निळा, एकदा पांढरा.

‘मंग इचारलं कशाला?’ आबा म्हणाले. तोवर मी त्यांना कधी चिडलेलं पाहिलं नव्हतं. ‘दोन वरसं त्या पोरानं हाताला सुया टोचलेल्या आस्ताना इचार करकरून ठरवलं. येकेका गोष्टीला अर्धा अर्धा तास लावला. समदं येकच व्हनार व्हतं तर इचारलं कशाला त्याला?’

मी चहा मागवला.

त्यांनी डेपोच्या पद्धतीनं दोषांचा अहवाल लिहिला. वस्तूचं नाव, दोष कुठं आढळला, कधी आढळला, शेरा. शेऱ्यात प्रत्येक ठिकाणी ‘नापास’. मी इंग्रजी करून कंपनीला पाठवला. मेलेला माणूस भाजी घेतो इथपासून तीन दारांपर्यंत सगळं होतं त्यात. एक गोष्ट त्यांनी लिहू दिली नाही, ती म्हणजे मुलगा गेल्याची. ‘त्याचा मालाशी काय संबंध?’

आठवड्याभरानं उत्तर आलं. नोंदींचा दोष मान्य आहे, काही महिन्यांत सुधारणा येईल, तोवर गैरसोयीबद्दल क्षमस्व. मी मराठी करून वाचत होते आणि शेवटच्या ओळीपाशी थांबले. आबांच्या ते लगेच लक्षात आलं. ‘काय लिवलंय शेवटी?’

‘जुन्या नोंदी जपून ठेवा, असं.’

आबांनी मान हलवली. ‘बराबर लिवलंय.’

‘बटण मी दाबलं, आबा.’

‘हुकूम माजा व्हता,’ ते म्हणाले आणि जीप गाठायला निघाले.

त्या रविवारी मी ठरवलं. आता मी जे केलं त्याला तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा. मुलानं प्रत्येक ठिकाणी काय निवडलं ते आबा मला दुपारी दुपारी सांगत आले होते. अंधारातलं जहाज, वाचवलेली वस्ती, माफ केलेला जहाजावरचा गद्दार वैद्य, सगळं माझ्या डोक्यात होतं. मी पहिल्यापासून चारही भाग खेळायला घेतले. दर रविवारी सकाळी दुकान बंद ठेवून मागच्या खोलीत बसायचे. घरच्यांनी मला येड्यात काढलं. अडीच महिने लागले. मुलानं निवडलं तेच निवडत गेले, जहाजाचं नाव ‘वडिवळे’ ठेवलं. सुधारणा आली की हे पाचव्या भागात जाईल, आबांना त्यांची वस्ती दिसेल, आणि मी सुटेन. हो, मी सुटेन. तेही होतंच त्यात.

आबांना सांगितलं, ‘सापडल्या! पुण्याच्या माणसाला नोंदी सापडल्या.’

ते आले ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी चौथ्या भागाचा शेवट उघडला. जहाजावर नाव बरोबर होतं. वस्ती जिथल्या तिथं, घरांतून धूर निघतोय. आबा पुढं सरकून बघत होते, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, चला, गंगेत घोडं न्हालं. मग ते म्हणाले, ‘मान्सं दाखव.’ मी जहाजावरच्या माणसांची यादी उघडली. ते एकेका फोटोवर बोट नेत होते. सातव्या फोटोवर बोट थांबलं. जहाजाचा तरणा मेकॅनिक होता तो, कुरळ्या केसांचा.

‘ह्यो जिता कसा?’

मी यादी उगाच खालीवर सरकवली.

‘ह्यो मेलावता, पोरी. तिसऱ्या भागात.’

मग त्यांनी सांगितलं. तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं, मावशींनासुद्धा नाही. डायलिसिस करून आले होते त्या दिवशी. पोरगा दमलेला, तरी थोडं खेळू म्हणाला. जहाजाचा एक भाग फुटतो, मेकॅनिक आत अडकतो, हवा संपत येते. नव्वद सेकंदांत दार उघडायचं. आणि पोराला डुलकी लागली. हातातला रिमोट मांडीवर कलला. पडद्यावर तो मेकॅनिक हाका मारतोय आणि आकडे उतरतायत. ‘त्याला तीन दिस झोप नव्हती. अंगाला खाज सुटायची. डोळा लागलावता कसातरी. म्या उटवलं न्हाई. मला काय ते बटन दाबायला येत नव्हतं, पन हाक तर मारता आली आस्ती. न्हाई मारली.’

पोरगा जागा झाला तेव्हा यादीत मेकॅनिकचं नाव काळवंडलेलं होतं. खेळात मागं जाता येतं, पुन्हा तिथून सुरू करता येतं. आबांनी तेही सुचवलं. पोरगा म्हणाला, ‘नगं आबा. गेला तर गेला. मागं न्यायचं न्हाई.’

हे सांगून आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी रडत होते. मी म्हटलं, ‘आबा, मी खोटं बोलले. मीच खेळले हे सगळं.’

‘कळलं मला,’ ते म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, ‘माल चांगला हाय गं. लय मेहनत घेतली तू. पन ह्यो आमचा लॉट न्हाई.’

त्यानंतर दीड महिना ते फिरकले नाहीत. मी दोनदा जीपवाल्याकडे निरोप दिला. भात काढणी चालू आहे असं कळलं. मग एकदाच आले. आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी ते गेले. सकाळी अंगणात बसल्या बसल्या गेले, कुणाला त्रास नाही. मी वडिवळ्याला त्यांच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले तेव्हा मावशींनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, ‘तुज्याकडं येताना तेवढे खुशीत असायचे बग.’ मला तिथं उभं राहवेना. कंपनीची ती सुधारणा नंतर कधीतरी आली, तिला आता कोण विचारतो! मशीन मावशींनी परत नेलं नाही.

पण ते एकदा आले होते त्या दुपारची गोष्ट सांगायची राहिली. येऊन बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, ‘तू जे खेळलीस त्यात ती जागा हाय का? दार बंद व्हतं ती?’

होती. तिसऱ्या भागातली मी केलेली नोंद होती, त्या दाराच्या जरा अलीकडची. मी ती लावली. आबांनी हात पुढं केला आणि रिमोट मागितला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. मी कुठलं बटण दाबायचं ते दाखवायला लागले, पण ते ऐकत नव्हते. त्यांनी रिमोट दोन्ही हातांत धरून मांडीवर ठेवला.

स्फोट झाला. दार बंद झालं. काचेमागून तो कुरळ्या केसांचा पोरगा हाका मारायला लागला, ‘कॅप्टन! कॅप्टन!’ कोपऱ्यात नव्वदचा आकडा आला आणि उतरायला लागला. आबा पडद्याकडे बघतच नव्हते. ते मान वळवून डावीकडे बघत होते. तिकडे भिंतीला लागून माझी जुन्या की-बोर्डांची खोकी होती, बाकी काही नव्हतं.

साठ झाले. चाळीस झाले. मेकॅनिक काचेवर मुठी मारत होता. मला सहन होईना. खेळ आहे हे माहीत असूनही मला सहन होईना. वीसवर आकडा आला तेव्हा मी वाकून त्यांच्या हातातल्या रिमोटकडे हात नेला.

आबांनी माझं मनगट धरलं. घट्ट नाही, हलकेच. डावीकडची नजर न काढता, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, ‘ऱ्हाऊ दे. आत्ताच डोळा लागलाय त्याचा.’

मी हात मागे घेतला. उठून टीव्हीचा आवाज बारीक केला, आणि परत येऊन खुर्ची वाजणार नाही अशी बसले.